आलेखावरच्या उड्या हा बिघाड नाही, खरा बिघाड दुसरीकडे आहे

मुलुंड पूर्वेहून एका ताईंनी विचारलंय: "घरी १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. स्पीड टेस्ट केली की ९४-९५ येतं. तरी रात्री मॅच लावली की चित्र थांबतं आणि गोल चक्र फिरत राहतं. सासूबाई दुपारी त्याच टीव्हीवर यूट्यूबला कीर्तन बघतात, तेव्हा एकदाही अडकत नाही. राउटरच्या ॲपमध्ये आलेख पाहिला तर रेषा शून्यावर, मग एकदम ८०-९० वर, परत शून्यावर, अशा उड्या मारतेय. कोणी आमचं वाय-फाय चोरून वापरतंय का? ग्राहक सेवेतले म्हणतात ३०० चा प्लॅन घ्या. घेऊ का?"

ताई, ३०० चा प्लॅन आत्ता घेऊ नका. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. आलेखावरच्या उड्या हा बिघाड नाहीच. व्हिडिओ असाच येतो, आणि कनेक्शन जितकं चांगलं तितक्या उड्या उंच दिसतात. चित्र थांबणं हा मात्र खरा बिघाड आहे आणि तो बहुतेक वेळा घराच्या चार भिंतींतच सापडतो. मुंबईतल्या घरांत आणि सोसायट्यांत इंटरनेटची जोडणी-दुरुस्ती हे माझं रोजचं काम. गरज नसताना मोठा प्लॅन घेऊन दर महिन्याला जादा पैसे भरणारी इतकी घरं बघतो की याचं उत्तर तपशिलात लिहायलाच हवं असं वाटलं.

आधी उड्यांचं बघू. व्हिडिओ सलग येत नाही. सर्व्हरवर तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून ठेवलेला असतो. ॲपलने २००९ मध्ये एचएलएस नावाची पद्धत आणली, तिच्यात आता तुकडा साधारण ६ सेकंदांचा ठेवा अशी शिफारस आहे. २०१२ मध्ये डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्याचंही तत्त्व हेच. आज टीव्हीवर आणि मोबाइलवर आपण इंटरनेटवरून जे बघतो ते जवळजवळ सगळं या दोन किंवा यांच्याच जातीच्या पद्धतींनी येतं. टीव्हीतलं ॲप एक तुकडा मागतं, तो आला की पुढचा मागतं, आणि हाताशी पुरेसे तुकडे जमले की थोडा वेळ गप्प बसतं.

आता हिशेब करून बघा. फुल एचडी चित्राला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट लागतात. म्हणजे ६ सेकंदांचा तुकडा ३० मेगाबिटचा. तुमची लाइन १०० ची, तर तो तुकडा अर्ध्या सेकंदाच्या आत घरात येतो. उरलेली पाच-साडेपाच सेकंदं ॲपला काही मागायचंच नसतं. आलेखावर हे कसं दिसणार? एकदम ८०-९०, मग शून्य, मग परत ८०-९०. सरासरी काढली तर ५ च. ३०० चा प्लॅन घेतलात तर तोच ३० मेगाबिटचा तुकडा आणखी लवकर येईल, उडी जास्त उंच आणि जास्त बारीक होईल, आणि चित्रात तिळाएवढाही फरक पडणार नाही.

आपल्या सोसायटीत पालिकेचं पाणी ठरावीक वेळ येतं, गच्चीवरच्या टाकीत साठतं, आणि नळाला दिवसभर मिळतं. टीव्हीतलं बफर म्हणजे ती टाकी. पाणी थांबून थांबून येतं याची चिंता नसते. चिंता असते ती टाकी रिकामी होण्याची. पडद्यावर चक्र फिरतं तेव्हा नेमकं तेच झालेलं असतं: पुढचा तुकडा वेळेत आला नाही आणि साठा संपला.

कार्यक्रम सुरू करताना, पुढे ढकलताना किंवा नवा भाग लागताना टाकी तळापासून भरायची असते, म्हणून तिथे उडी सगळ्यांत लांब दिसते. घरात दोन टीव्ही आणि एक मोबाइल एकाच वेळी चालू असतील तर तिघांच्या उड्या कधी एकमेकींवर पडतात, कधी चुकतात, आणि आलेख अगदी बेशिस्त दिसतो. तेही ठीकच. शिवाय प्रत्येक ॲप वेगळ्या कालावधीची सरासरी दाखवतं. एक-एक सेकंदाचा आलेख काढणारं ॲप उड्या दाखवेल, पाच मिनिटांची सरासरी काढणारं ॲप त्याच घरात सपाट रेषा दाखवेल.

तेव्हा चोरीची शंका या आलेखावरून घेऊ नका. ती घ्यायची तर एकूण वापरावरून घ्या. सेकंदाला ५ मेगाबिट म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागायचं. फोर-केला नेटफ्लिक्स स्वतः तासाला ७ जीबीपर्यंत धरतं. दिवसाला चार तास एचडी बघणाऱ्या घराचा महिन्याचा आकडा पावणेतीनशे जीबीच्या आसपास यायला हवा. तो हजाराला भिडला असेल आणि घरात फोर-के टीव्ही नसेल, तर राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा, ओळखीचं नाही ते काढा आणि पासवर्ड बदला. पुष्कळदा चोर सापडत नाही. सापडतो तो रात्रभर आपोआप पुढचा भाग लावत बसलेला टीव्ही.

आता चक्राचं. ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत मोलाची माहिती तुम्ही जाता जाता दिली आहे: दुपारचं कीर्तन अडकत नाही, रात्रीची मॅच अडकते. यात दोन धागे आहेत, एक वेळेचा आणि एक थेट प्रक्षेपणाचा. दोन्ही वेगळे करून बघायला हवेत.

रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आधीच संपूर्ण तयार असतो. ॲप अर्धा-एक मिनिट पुढचा साठा करून ठेवू शकतं. मध्ये दहा-पंधरा सेकंद नेट गेलं तरी सासूबाईंना कळणारसुद्धा नाही. मॅचमध्ये पुढचा चेंडू अजून टाकलाच गेलेला नाही, तर त्याचा तुकडा कुठून आणणार? साठा करायचा तर प्रेक्षकाला तेवढं मागे ठेवावं लागतं. म्हणून थेट प्रक्षेपणात टाकी मुद्दाम लहान ठेवतात, थोड्याच सेकंदांची. कीर्तनाला जो झटका जाणवत नाही तोच झटका मॅचला चित्र थांबवतो. म्हणजे बिघाड दुपारीही असू शकतो, फक्त तो दिसत नाही. शेजारच्या घरातून षटकाराचा ओरडा आधी येतो आणि आपल्याकडे गोलंदाज अजून धावतोय, याचं कारणही हेच. त्यांच्याकडे डीटीएच किंवा केबल असते, आपल्याकडे तुकडे कापणं, पाठवणं आणि साठवणं यात वेळ जातो. ते अंतर प्लॅन वाढवून कमी होत नाही.

मोठ्या सामन्याला सर्व्हरवरचा ताण किती असतो याचीही कल्पना असावी. १५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना झाला, कोहलीने पन्नासावं एकदिवसीय शतक केलं तो. तेव्हा हॉटस्टारवर एका क्षणी ५.३ कोटी लोक होते, आणि चारच दिवसांनी अंतिम सामन्याला ५.९ कोटी. एवढ्या लोकांना एका ठिकाणहून व्हिडिओ देणं अशक्य आहे. म्हणून तुकड्यांच्या प्रती शहराशहरांत, अनेकदा इंटरनेट कंपन्यांच्या स्वतःच्या केंद्रांत ठेवतात. त्या बाबतीत मुंबईकर भाग्यवान आहेत. समुद्राखालच्या आंतरराष्ट्रीय केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, चांदिवली, ऐरोली, महापे इथे मोठी डेटा सेंटर आहेत, आणि कंपन्या एकमेकांना जिथे रहदारी देतात ती केंद्रंही याच शहरात आहेत. मुलुंडच्या घरापासून व्हिडिओचा सर्व्हर बहुधा पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत असतो. सर्व्हरच कोलमडला तर सगळ्या शहरात एकदम ओरड होते. फक्त तुमच्याच घरात चित्र थांबत असेल, तर दोष शेवटच्या काही मीटरांत शोधा.

मग स्पीड टेस्ट ९५ कशी दाखवते? कारण ती वेगळाच प्रश्न विचारते. ती बहुधा तुमच्याच कंपनीच्या जवळच्या सर्व्हरशी बोलते, एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, दहा-पंधरा सेकंद चालते, आणि जास्तीत जास्त किती मिळतं ते सांगते. शिवाय ती तुम्ही मोबाइलवर करता, राउटरच्या खोलीत उभं राहून, दुपारी. अडकतो तो टीव्ही, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, रात्री साडेनऊला. व्हिडिओला सर्वोच्च आकड्याशी देणंघेणं नसतं. त्याला हवं ते एवढंच की वेग ठरावीक आकड्याखाली पडू नये आणि पडला तर लगेच सावरावा. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरे म्हणतं, यूट्यूब फोर-केला २० सांगतं. तुमच्या १०० मध्ये तीन फोर-के टीव्ही आरामात बसतात. प्रश्न ९५ चा नाही. रात्री एखाद्या क्षणी ९५ चं ३ होतं का, हा आहे.

ते बघायची सोपी जागा यूट्यूबमध्येच आहे. सेटिंगमध्ये "स्टॅट्स फॉर नर्ड्स" चालू करा. टीव्हीवरच्या ॲपमध्येही ते मिळतं. पडद्यावर जी चौकट येते तिच्यात "बफर हेल्थ" म्हणजे पुढचा किती सेकंदांचा साठा हाताशी आहे ते दिसतं. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावून रात्री ही ओळ बघत बसा. ती तीस-चाळीस सेकंदांवर टिकून असेल तर घरचं नेट निरोगी आहे. ती हळूहळू पाचावर, दोनावर येत असेल तर पाणी कुठेतरी तुटतंय. आणि साठा भरपूर असून चित्र धक्के खात असेल, त्याच चौकटीत "ड्रॉप्ड फ्रेम्स"चा आकडा भराभर वाढत असेल, तर नेटचा काही संबंध नाही. टीव्हीचा प्रोसेसर दमलाय. पाच-सहा वर्षं जुन्या स्वस्त टीव्हींचं हे नेहमीचं आहे. ॲप नवी होत जातात, एव्ही-वनसारखे नवे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती, येतात, टीव्ही तोच राहतो. तिथे बाहेरून लावायचं एखादं स्ट्रीमिंग स्टिक घ्या, टीव्ही बदलू नका.

मुंबईत मला सगळ्यांत जास्त सापडतं ते वाय-फायचं दुखणं, त्याबद्दल जरा सविस्तर.

फायबर इमारतीच्या डक्टमधून येतं, म्हणून ते लावणारा माणूस राउटर दाराशीच ठोकून जातो. मग घरातले लोक तो दिसू नये म्हणून चपलांच्या कपाटात, माळ्यावर किंवा टीव्हीच्या मागे ढकलतात. लालबागच्या चाळीत एका खोलीचं अंतर असतं पण मध्ये लोखंडी कपाट उभं असतं. कांदिवलीच्या टॉवरमध्ये जागा मोठी, पण भिंती आरसीसीच्या. लोखंड, काँक्रीट, आरसा, मासे ठेवायची काचेची टाकी, सगळं लहरी अडवतं.

त्याहून मोठी अडचण शेजाऱ्यांची. कुठल्याही टॉवरमध्ये मोबाइलवर वाय-फायची यादी उघडा, वीस-तीस नावं सहज दिसतील. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल, म्हणजे लहरींच्या वाटा, आहेत, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. म्हणजे तीस घरं तीन चॅनलांत वाटली गेली आहेत. वाय-फायचा नियम असा की एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. दुपारी निम्मी घरं कामावर असतात, पट्टा मोकळा असतो. रात्री नऊला सगळे घरी, प्रत्येकाचा टीव्ही चालू, आणि तुमच्या टीव्हीला बोलायची पाळीच येत नाही. तुमचं फायबर तेव्हाही १०० देतच असतं. ते राउटरपर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. म्हणून म्हणतो, प्लॅन वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यात जेवणं गरम करायला मायक्रोवेव्ह लागला तर तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो.

अजून एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. दूरच्या बेडरूममधला एखादा जुना मोबाइल कमकुवत सिग्नलवर चालत असेल तर त्याला तेवढाच डेटा घ्यायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ घरातली बाकीची उपकरणं खोळंबतात. हळू बोलणारा एकजण सगळ्यांचा वेळ खातो. बेडरूममध्ये फक्त व्हॉट्सॲप चालू होतं, मग हॉलमधला टीव्ही का अडकला, याचं उत्तर कधी कधी हे असतं.

उपाय एकच सांगायचा झाला तर टीव्हीला वायर जोडा. राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-सिक्सची लॅन केबल स्कर्टिंगच्या कडेनं पांढऱ्या केसिंगमधून नेली की दिसतही नाही. वाय-फायचे सगळे प्रश्न टीव्हीपुरते त्या क्षणी संपतात. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट फक्त १०० चा असतो, त्यामुळे वायरवर टेस्ट ९४ च्या वर जाणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, फोर-केला त्याच्या चौथ्या हिश्श्यात भागतं. ३०० चा प्लॅन घेऊन अशा पोर्टला जोडलात तरी टीव्हीला ९४ च मिळणार, हेही लक्षात ठेवा.

वायर शक्य नसेल तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिथे चॅनल पुष्कळ आहेत. २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्याचा आणखी मोठा भाग विनापरवाना खुला केला. ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीत लवकर मरते, पण मुंबईत तोच फायदा आहे, कारण शेजाऱ्याचीही तुमच्याकडे येत नाही. बरेच राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि टीव्ही हट्टाने २.४ ला चिकटतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हीला वेगळी नावं द्या, टीव्हीला ५ वालं नाव सांगा आणि २.४ चा पासवर्ड टीव्हीतून विसरायला लावा. राउटर कपाटातून काढून छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवा. रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणारा डबा, हा शेवटचा पर्याय. स्वस्त रिपीटर तोच डेटा हवेतून दोनदा पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मेश, म्हणजे घरभर मिळून एकच वाय-फाय देणारे दोन-तीन राउटर, घेणार असाल तर दोन डब्यांच्या मध्ये वायर टाकता येत असेल तरच पैशाचं चीज होतं.

आता तुमच्या रात्रीच्या वेळेचं दुसरं कारण, आणि हे इतकं लपलेलं असतं की अनुभवी लोकही याच्यावरून पुढे जातात. रात्री सगळे घरी आले, मोबाइल चार्जिंगला लावले, की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. दाराशी सीसीटीव्ही कॅमेरा असेल तर तोही वर पाठवत असतो. अपलोड भरून वाहायला लागलं की डाउनलोड का अडावं? कारण टीव्हीला पुढचा तुकडा मागायची विनंती वरच्या दिशेनेच जाते, आणि आलेल्या प्रत्येक डेटाची पोचही वरच जाते. राउटरमध्ये आधीच हजारो फोटोंची पाकिटं ओळीत उभी असतील तर ती इवलीशी विनंती त्यांच्या मागे थांबते. राउटर बनवणाऱ्यांनी डेटा हरवू नये म्हणून आत मोठाली रांग ठेवली, आणि तीच रांग उशीर करते. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास हा प्रकार लोकांसमोर मांडला आणि त्याला बफरब्लोट हे नाव मिळालं. हे बफर राउटरमधलं. टीव्हीतला साठा भला आणि राउटरमधली ही रांग त्रासाची, एवढा फरक ध्यानात असू द्या.

तपासणं सोपं आहे. फास्ट डॉट कॉम उघडा, ती नेटफ्लिक्सची टेस्ट आहे आणि नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवर चालते. "आणखी माहिती"वर बोट ठेवलं की दोन विलंब दिसतात, लाइन रिकामी असतानाचा आणि भरलेली असतानाचा. मुंबईत फायबरवर पहिला आकडा बहुधा एक अंकी किंवा दहा-वीस मिलिसेकंदांचा असतो. दुसरा त्याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर चालेल. तो दोनशे-तीनशेला गेला तर तुमचा राउटर रांगेत अडकवतोय. मग रात्री मोबाइलचं फोटो बॅकअप बंद करून मॅच बघा. अडकणं थांबलं तर रोग सापडला. कायमचा इलाज म्हणजे बॅकअप मध्यरात्रीनंतर होऊ देणं, कॅमेऱ्याच्या चित्राचा दर्जा कमी करणं, किंवा एसक्यूएम, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवायची सोय, असलेला राउटर घेऊन त्यात लाइनच्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा घालणं. एफक्यू-कोडेल किंवा केक असं नाव सेटिंगमध्ये दिसलं की तो राउटर या कामाचा. थोडा कमाल वेग जातो आणि घरातलं सगळं सुरळीत चालतं. माझ्या मते घरच्या नेटवर खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा, प्लॅनवर नाही.

हे सगळं करूनही वायरवर रात्री वेग पडत असेल तर दोष बाहेर आहे, आणि मग कंपनीशी भांडायला तुमच्याकडे पुरावा आहे. बाहेर दोन प्रकार दिसतात. फायबर थेट तुमच्या घरात येत असेल तर बहुधा जीपॉन नावाची पद्धत असते. एक धागा इमारतीत बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेला असतो आणि त्यावर सगळ्यांना मिळून खालच्या दिशेने २.४८८ गिगाबिट असतात. बत्तीसच्या बत्तीस घरांनी एकदम फोर-के लावलं तरी ४८० मेगाबिट होतात, म्हणजे तो धागा पाव भागही भरत नाही. तरीही रात्री वेग पडतो तेव्हा कमी पडलेली असते ती कंपनीची किंवा स्थानिक केबलवाल्याची पुढची जोडणी, जिच्यावर अख्खा परिसर लटकलेला असतो. दुसरा प्रकार जुन्या इमारतींत: फायबर गच्चीवरच्या किंवा जिन्याखालच्या डब्यापर्यंत आणि तिथून स्विचमधून, म्हणजे एक जोडणी अनेक वायरींत वाटणाऱ्या यंत्रातून, प्रत्येक घराला लॅनची वायर. त्या डब्यात १०० चा जुना स्विच बसलेला असेल तर मजल्यावरची सगळी घरं त्या १०० मध्ये वाटेकरी होतात. वॉचमनकडून डबा उघडून घेऊन स्विचचं नाव बघितलं तरी कळतं. पावसाळ्यात या उघड्यावरून नेलेल्या तांब्याच्या वायरी आधी मान टाकतात.

फायबर थेट घरात असेल तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर "आरएक्स पॉवर", म्हणजे धाग्यातून घरात पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम चांगलं. उणे २७ च्या खाली गेलं की डेटा गळायला लागतो, आणि एक-दोन टक्के गळतीसुद्धा वेग कमालीचा खाली आणते. कारण बहुतेकदा दाराच्या फटीत चेपलेला किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळलेला धागा असतो. तो मोकळा केला, जोड पुन्हा केला, की आकडा सुधारतो.

दोन सल्ले तुम्हाला कोणीतरी देईल, तेही सांगून टाकतो. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदला म्हणतील. मुंबईत त्याने वेग क्वचितच वाढतो, उलट काही वेळा तुम्हाला जवळचा सर्व्हर सोडून दूरचा मिळतो. व्हीपीएन, म्हणजे सगळा डेटा दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय, चालू असेल तर तसंच होतं, टीव्हीवर तो बंद ठेवा. आणि ॲपमध्ये चित्राचा दर्जा सर्वांत वरच्या आकड्यावर अडकवून ठेवू नका. "ऑटो"वर असेल तर वेग पडल्यावर ॲप हलका तुकडा मागतं, चित्र चार क्षण धूसर होतं पण चालू राहतं. दर्जा पक्का केलात की ती सोय जाते आणि चक्र फिरतं.

तर ताई, आज रात्री मॅच लागायच्या आधी पुढचा क्रम धरा. शेजाऱ्याकडून वीस-तीस फुटांची लॅन केबल मागून आणा, जमिनीवरून का होईना टीव्हीला जोडा, घरातल्या मोबाइलचे बॅकअप थांबवा आणि मॅच बघा. चक्र फिरलं नाही तर केबल काढा आणि बॅकअप बंदच ठेवून वाय-फायवर बघा. परत फिरलं तर दोष वाय-फायचा, नाही फिरलं तर बॅकअपचा. पहिल्याच वेळी, बॅकअप बंद असून वायरवरसुद्धा फिरलं, तर तीन दिवस सकाळी सहाला आणि रात्री साडेनऊला वायरवरच लॅपटॉपने टेस्ट करून आकडे वेळेसकट टिपून ठेवा, आरएक्स पॉवरचा फोटो काढा, आणि तक्रार करा. फोनवर बोलून थांबू नका, डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्या. तो क्रमांक द्यायला कंपनी बांधील आहे, आणि ठरलेल्या मुदतीत दाद लागली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, फी न भरता. ग्राहक सेवेतल्या माणसाने पुन्हा ३०० च्या प्लॅनचं सांगितलं तर त्याला एवढंच विचारा: "वायरवर रात्री माझे १०० मधले किती येतात, ते आधी तुमच्या माणसाला घरी येऊन मोजू द्या."